कारखान्यातलं स्पिरिट आणून कॉकटेल करावं का? आणि घरचं कॉकटेल खोकल्याच्या औषधासारखं का लागतं?

सातरस्ता_पोरगा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या. आम्ही चौघं शाळेपासूनचे दोस्त, आता सगळे पस्तिशीला टेकलेत, दोघं पुण्याला, एक हैदराबादला, मी एकटाच सोलापुरात राहिलोय. पुढच्या शनिवारी सगळे येणारेत, आमच्या गच्चीवर बसायचं ठरलंय. दरवेळी तेच असतं, क्वार्टर, सोडा, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, म्हटलं यावेळी जरा कॉकटेल करू. प्रॅक्टिस म्हणून मागच्या आठवड्यात एक केलं, व्हाइट रम, लिंबू आणि ते बाटलीतलं लाल सिरप मिळतं ना ग्रेनाडीन नावाचं, ते. खोटं कशाला बोलू, लहानपणी आई नाक दाबून खोकल्याचं औषध पाजायची तस्संच लागलं. बायकोनं एक घोट घेतला, माझ्याकडं बघितलं आणि ग्लास बेसिनमध्ये ओतला.

दुसरी गोष्ट. आमच्यातल्या एकाचा मावसभाऊ एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे, नाव विचारू नका. तो म्हणतो बाटलीतली व्हिस्की, रम, व्होडका, जिन सगळं आमच्याच स्पिरिटचं असतंय, नुसता रंग आणि वास वेगळा, तुम्ही कशाला पैसे घालवताय, मी पाच लिटरचा कॅन आणून देतो, निम्मं पाणी घाला की झाली व्होडका. दोस्त लोक खूश आहेत, मला मात्र जरा धाकधूक वाटतीय. खरंच सगळं एकच असतं का? आणि तो कॅन घ्यावा का?

काय_बे

काय करूलालास बे! पाच लिटर? चौघांत? आधी ॲम्ब्युलन्सचा नंबर सेव्ह कर, मग लिंबू आण.

मळीमास्तर

कॅनचं आधी सांगतो, बाकीचं नंतर. घ्यायचा नाही. मी डिस्टिलरीत शिफ्ट केमिस्ट म्हणून सव्वीस वर्षं काढली, आता रिटायर होऊन नातवाला शाळेत सोडतो, त्यामुळं हे ऐकीव नाही सांगत.

तो मावसभाऊ अर्धं खरं बोलतोय आणि तेच डेंजर असतं. साखर काढून झाली की उरते ती मळी. त्यात पाणी घालून यीस्ट सोडलं की दीडेक दिवसात फर्मेंटरमध्ये वॉश तयार होतो, आठ-दहा टक्के अल्कोहोलचा, म्हणजे कडक बिअरपेक्षा जरा जास्त. सी हेवी मळी म्हणजे साखर पूर्ण काढून झाल्यावर उरलेली, तिच्या एका टनातनं साधारण सव्वादोनशे ते अडीचशे लिटर अल्कोहोल निघतं, बी हेवीत साखर जास्त राहते म्हणून तिच्यातनं आणखी. मग तो वॉश कॉलमला, म्हणजे दारू गाळायच्या उंच टॉवरला चढतो. पाणी १०० डिग्रीला उकळतं, अल्कोहोल ७८ ला, सगळा धंदा या बावीस डिग्रीच्या फरकावर चालतो. असा सलग चालणारा कॉलम १८३० मध्ये एनियास कॉफी नावाच्या माणसानं पेटंट केला, आणि गंमत म्हणजे तो आयर्लंडमध्ये एक्साइजचा अधिकारी होता. म्हणजे आयुष्यभर चोरटी दारू पकडली आणि शेवटी दारू भराभर काढायचं यंत्र लोकांच्या हातात दिलं.

गडबड कॉलमच्या पुढं आहे. तिथनं एकच माल निघत नाही. एक रेक्टिफाइड स्पिरिट, ९५ टक्क्यांच्या आसपास, ते केमिकल इंडस्ट्रीला जातं. तेच परत शुद्ध करून, त्यातलं आल्डिहाइड आणि फ्यूजेल ऑइल काढून टाकलं की ईएनए म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल होतं, ९६ टक्के, प्यायची दारू याच्यापासून बनते. आणि तिसरं पेट्रोलमध्ये घालायचं इथेनॉल, त्यातलं पाणी जवळजवळ सगळं काढलेलं असतं, साडेनव्व्याण्णवच्या वर. शिवाय इंडस्ट्रीला आणि पेट्रोलला जाणाऱ्या मालात कुणी पिऊ नये म्हणून मुद्दाम काहीबाही घातलेलं असतं, त्याला डिनेचर करणं म्हणतात. आता मला सांग, तो पोरगा रात्रपाळीला घाईघाईत कॅन भरणार तो कुठल्या टाकीतनं? दिसायला तिन्ही पाण्यासारखीच. आणि कॅनमध्ये आधी काय होतं, कीटकनाशक का काय, ते कोण सांगणार? शिवाय डिस्टिलरीतल्या थेंबाथेंबाचा हिशोब एक्साइजला द्यावा लागतो, सापडला तर त्याची नोकरी जाईल आणि तुझ्या गच्चीवरचा पंचनामा होईल.

निम्मं पाणी घाला म्हणतोय ते पण चूक. ९६ मध्ये निम्मं पाणी घातलं की पन्नासच्या जवळ राहतं, अठ्ठेचाळीसला येईल असं वाटतं पण येत नाही, कारण पन्नास मिली अल्कोहोल आणि पन्नास मिली पाणी मिसळलं तर शंभर मिली भरत नाही, ९६-९७ च भरतं, रेणू एकमेकांत घुसून बसतात. आमच्याकडं नवीन आलेल्या ट्रेनीला हे करून दाखवायचो, तोंड बघण्यासारखं व्हायचं. बाजारातल्या बाटलीवर ४२.८ असतं. हा आकडा असला विचित्र का, तर जुन्या ब्रिटिश मापात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, आपली दारू ७५ प्रूफची, म्हणून ४२.८. साहेब गेला, माप राहिलं.

बाकी सगळं एकच का, हा प्रश्न चांगलाय. वेळ मिळाला की लिहितो, नातू आलाय.

होटगीरोड_ताई

काकांनी सांगितलंय तरी मी पण सांगते, कारण मी कॅज्युअल्टीत नर्स आहे. मिथेनॉल म्हणजे विषारी अल्कोहोल, ते पोटात गेलं तर लगेच काही कळत नाही हो, तीच भीती आहे. माणूस नेहमीसारखा झिंगतो, झोपतो, आणि बारा-चोवीस तासांनी उठून म्हणतो डोळ्यापुढं पांढरं धुकं दिसतंय. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, ते डोळ्याच्या नसेवर जातं, रक्त आम्लधर्मी होतं. त्याला उतारा आहे, डायलिसिस आहे, पण लवकर आलं तर. बहुतेक जण हँगओव्हर समजून लिंबूपाणी पीत घरी बसतात. असं धुकं दिसलं, जोराचा श्वास लागला तर सरळ दवाखाना गाठायचा आणि काय प्यायलात ते डॉक्टरला खरं सांगायचं. आम्ही पोलीस नाही आहोत.

सातरस्ता_पोरगा

ताई, काका, कॅन कॅन्सल. ग्रुपवर टाकलं तुमचं, दोस्त गप झालेत. एक शंका, मिथेनॉल नुसत्या वासावर ओळखू येतं का? एकजण म्हणतोय चमच्यात पेटवून निळी ज्योत आली की चांगली.

मळीमास्तर

नाही. माझ्यासारख्याला सव्वीस वर्षांनी पण वासावर सांगता येत नाही, आणि ज्योत तर दोन्हीची निळीच. चमच्याची परीक्षा विसरून जा. ते लॅबमधल्या मशीनवरच कळतं.

आणि एक गैरसमज आहे तो काढतो. मळी आंबवताना मिथेनॉल फारसं तयार होतच नाही, ते मुख्यतः फळांच्या सालीगरातल्या पेक्टिनमधनं येतं. विषारी दारूच्या बातम्या वाचतो त्यात बहुतेक वेळा इंडस्ट्रीचं मिथेनॉल चोरून आणून कुणीतरी ओतलेलं असतं, कारण ते स्वस्त. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती असलंच पिऊन.

आता सगळं एकच का. आपल्याकडच्या स्वस्तातल्या बऱ्याच व्हिस्कीत मळीचंच ईएनए असतं, त्यात थोडं माल्ट स्पिरिट, रंगाला कॅरॅमल, वासाला इसेन्स. युरोपात याला व्हिस्की म्हणता येत नाही, तिथं धान्यापासूनच पाहिजे आणि कमीत कमी तीन वर्षं लाकडी पिंपात मुरलेली पाहिजे. म्हणजे मावसभाऊ या बाटल्यांबद्दल बोलत असेल तर त्याचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पण सगळ्याच तशा नाहीत. बेंगळुरूच्या अमृतनं २००४ मध्ये बार्लीची सिंगल माल्ट नेऊन थेट ग्लासगोत विकायला काढली, म्हणजे पंढरपूरला जाऊन बडव्यांना अभंग शिकवण्यासारखं झालं. बेंगळुरूच्या उन्हानं पिंपातली दारू वर्षाला दहा-बारा टक्के हवेत उडून जाते, स्कॉटलंडला दोनेक टक्केच, पण त्याच उन्हानं ती लवकर मुरते पण. सोलापूरच्या उन्हात पिंप ठेवलं तर काय होईल याचा विचार मी बरेचदा केलाय, बहुतेक चार वर्षांनी नुसतं लाकूड उरेल.

आणि रम. रम जगभर उसाचीच असते, मळीची नाहीतर रसाची. म्हणून मळीची व्हिस्की हे सोंग असलं तरी मळीची रम हे सोंग नाही, ती तशीच असायची. दारूच प्यायची असेल तर सोलापूर जिल्ह्यातल्या माणसानं रम प्यावी असं माझं मत आहे, भोवती सगळा ऊस आणि आपण ग्लासात स्कॉटलंड शोधतोय.

काय_बे

काका कडक! पण डिस्टिलरीच्या बाजूच्या गावात राहून बघा, वारं आलं की जेवण जात नाही. त्या वासाची पण लिहा की दोन ओळी.

मळीमास्तर

खरंय, ते लपवण्यात अर्थ नाही. एक लिटर स्पिरिटमागं आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे स्पिरिट काढून उरलेलं सांडपाणी निघतो, काळपट, आंबट, उकळता. पूर्वी तो खड्ड्यात सोडायचे, विहिरी लाल व्हायच्या. आता त्याचा गॅस करतात, बाकीचा आटवून बॉयलरला जाळतात, पण यंत्रणा बंद पडली की शिव्या केमिस्टनंच खायच्या. लग्नात माझ्याशेजारी कुणी बसायचं नाही शिफ्टवरनं आलो की.

शेकरवाला

उशिरा आलो. पुण्यात आणि गोव्यात मिळून नऊ वर्षं बारमागं उभा होतो, आता नव्या पेठेत कापडाचं दुकान बघतो वडिलांचं. भावा तुझं कॉकटेल औषध का झालं ते मी सांगतो, रमचा काही दोष नाही त्यात.

तू जे केलंस त्याला नाव आहे, बकार्डी कॉकटेल, म्हणजे डायकिरीत साखरेऐवजी ग्रेनाडीन. डायकिरी क्यूबाची, सँटियागोजवळच्या डायकिरी नावाच्या गावावरनं पडलेलं नाव, तिथल्या लोखंडाच्या खाणीवरचे अमेरिकन इंजिनिअर ती प्यायचे. रम, लिंबू, साखर, बास. आणि बकार्डी कॉकटेलवरनं तर कोर्टात केस झाली होती, १९३६ ला न्यूयॉर्कच्या कोर्टानं सांगितलं की बकार्डी कॉकटेल म्हणून विकताय तर त्यात रम बकार्डीचीच पाहिजे. तुझ्या गच्चीवर कोर्ट येणार नाही, कुठली पण चांगली व्हाइट रम चालेल.

आता चूक. ग्रेनाडीन म्हणजे मुळात काय माहितीये का, डाळिंबाचा पाक! फ्रेंचमध्ये डाळिंबाला ग्रेनाड म्हणतात त्यावरनं. आणि तू सोलापुरात बसून, जिथल्या डाळिंबाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथं बसून लाल रंग, साखर आणि सायट्रिक ॲसिडची बाटली आणलीस, लेबल वाच, बहुतेकात डाळिंब नावालाच असतं. गोव्याच्या बारमध्ये आम्ही पण तीच वापरायचो, मालक म्हणायचा गिऱ्हाईकाला लाल दिसल्याशी मतलब. मला तेव्हा लाज वाटायची, सांगोल्याहून गाडी भरून माल वाशीला जातो आणि मी हे रंगाचं पाणी ओततोय.

घरी करायला काही अवघड नाही. दाणे मिक्सरमध्ये फिरवू नको, बी फुटली की कडू-तुरट होतं. धुतलेल्या मलमलच्या फडक्यात घालून हातानं पिळ. जेवढा रस वजनाला तेवढीच साखर, आणि गॅसवर उकळवत बसू नको, उकळलं की जॅमसारखा वास येतो. बरणीत घालून झाकण लावून हलवत राहा, दहा-पंधरा मिनिटात साखर विरघळते. वरनं अर्धं लिंबू. फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतं.

माप मात्र डोळ्यानं घेऊ नको, हात जोडतो. साठ मिली रम, वीस मिली लिंबू, पंधरा मिली पाक. आपली कागदी लिंबं जास्त आंबट असतात, म्हणून आधी एक करून चव घे आणि मग पाक कमीजास्त कर. रस आयत्या वेळी काढायचा, सकाळी काढून ठेवला तर संध्याकाळी उतरलेला लागतो. माप घ्यायला औषधाच्या बाटलीचं टोपण चालतं, तुला औषधाची आवड आहेच.

शेकर नसेल तर लोणच्याची काचेची बरणी घे, घट्ट झाकणाची, लोणच्याचा वास गेलेली. बर्फ भरपूर, बरणी गच्च भरायची, बर्फ वाचवायला गेलास तर उलट जास्त पाणी होतं. दहा-बारा सेकंद जीव खाऊन हलवायचं, बरणी हाताला चटके देईल इतकी गार झाली पाहिजे. यात जे थोडं पाणी मिसळतं ते लागतंच, त्याशिवाय चव उघडत नाही, पेयाच्या पाव हिश्श्याच्या आसपास. लिंबाचा रस असेल तर शेक करायचं, नुसती दारूच दारू असेल तर चमच्यानं ढवळायचं, एवढा एक नियम पाळलास तरी निम्मे बारटेंडर मागं पडतील.

काय_बे

बर्फाचं काय बे, सोलापुरात एप्रिलला फ्रीजमधनं काढून गच्चीवर नेईपर्यंत पाणी होतंय. मंडईतनं लादी आणली तर?

शेकरवाला

मंडईतली लादी मासे ठेवायची असू शकते. २०१८ पासून राज्यात न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम केलाय, पण सगळे पाळतातच असं नाही, त्यामुळं पांढरी आहे म्हणून खायची असं समजू नका. घरीच कर. जेवणाच्या स्टीलच्या डब्यात पाणी भरून दोन रात्री आधी फ्रीजरला टाक, मग लाटण्यानं फोडून मोठे तुकडे कर. मोठा तुकडा हळू विरघळतो. ट्रेमधले छोटे खडे गच्चीवर न्यायचे असतील तर जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून ने, हसू नका, आजीच्या काळापासून लादी पोत्यात आणि चादरीतच टिकायची.

सांगोल्याचा_डाळिंबवाला

रामराम. डाळिंबाचा विषय निघाला म्हणून आलो, दारूतलं मला कळत नाही, मी माळकरी आहे. एक सांगतो, पाकासाठी एक्स्पोर्टचा लालभडक डाग नसलेला माल घेऊ नका, पैसे वाया. डागी भगवा मागा, सालीवर तेल्या रोगाचे काळे ठिपके असलेला. साल खराब दिसतीय पण तडा गेलेला नसेल तर आतले दाणे एक नंबर असतात. व्यापारी असल्या मालाला बांधावर हात पण लावत नाही, निम्म्याहून कमी भाव देतो. त्याचं तुम्ही पाक करा नाहीतर काही करा, आम्हाला दोन पैसे मिळतील. किलोला तीनशे-चारशे मिली रस धरा, हातानं पिळणार असाल तर कमीच धरा.

आणि माझ्याकडं बांधाला घायपात आहे पन्नास-साठ. पोरगं म्हणतंय दादा याचीच टकीला करतात. खरं का?

शेकरवाला

दादा, पोरगं निम्मं बरोबर आहे. टकीला घायपाताच्याच जातीतल्या निळ्या अगेव्हची, आणि ती मेक्सिकोतल्या ठरलेल्या पाच राज्यांतच बनली तर टकीला म्हणायचं. बांधावरची आपली घायपात वेगळ्या जातीची असते, पण दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून आपल्याकडं दारू करतात, डेस्मंडजी, पिस्टोला ही नावं बाजारात आहेत, टकीला हे नाव मात्र लावता येत नाही. झाड सात-आठ वर्षांचं होऊ द्यावं लागतं, मग पानं तासून मधला गड्डा भाजतात, भाजल्याशिवाय त्यातली साखर मोकळी होत नाही. कच्च्या रसानं अंगाला खाज सुटते, पोराला सांगा कोयता घेऊन जाऊ नको. घरी दारू गाळणं तसा गुन्हाच आहे.

सांगोल्याचा_डाळिंबवाला

बांधच राखू दे मग त्यानं.

होटगीरोड_ताई

परवाना काढलाय का कुणी? महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, १९४९ चा कायदा अजून चालू आहे, आणि कडक दारूला वय २५ पूर्ण पाहिजे. तुम्ही सगळे पस्तिशीचे म्हणताय म्हणून वयाचा प्रश्न नाही. आणि गाडी चालवून कुणी घरी जायचं नाही, गच्चीवरच गाद्या टाका, तशी पण आत झोप येत नाही या दिवसांत.

सातरस्ता_पोरगा

अपडेट देतो, शनिवार झाला. परवाने काढले, कॅन नाही, पाच किलो डागी डाळिंब मंडईत मिळालं, विकणाऱ्या मावशी म्हणाल्या जनावराला घालायचं का. पिळायला मी आणि बायको दोन तास बसलो, बनियन लाल झाला, बाहेरनं आलेल्या शेजाऱ्याला वाटलं काहीतरी घडलंय. पहिली बरणी माझ्याच आगाऊपणानं बिघडली, म्हटलं जरा गॅसवर ठेवू, फोन आला, तेवढ्यात काकवी झाली. दुसरी शेकरवाला दादांनी सांगितली तशी हलवून केली.

चव कशी होती ते एवढंच सांगतो की बायकोनं यावेळी ग्लास बेसिनकडं नेला नाही. हैदराबादवाला म्हणाला हे डाळिंब आहे? मग एवढे दिवस ते काय होतं? कागदी लिंबाचं दादा खरं निघालं, वीस मिली जास्त झालं, सतरावर आलो. तिसऱ्या ग्लासला मापाचं टोपण सापडेना, मग तिथनं पुढं जे झालं ते कॉकटेल म्हणता येणार नाही. मावसभाऊ पण आला होता बरं का, त्यानंच सगळ्यात जास्त प्यायली आणि म्हणाला आमच्या स्पिरिटला अशी चव नसते.

दोन बाटल्या पाक उरलाय. आई त्यात सब्जा, लिंबू आणि थंड पाणी घालून सगळ्या गल्लीला पाजतीय, पिणाऱ्यांना मूळ हेतू माहीत नाही. जळालेल्या काकवीचं काय करू, टाकायला जीव होईना?

मळीमास्तर

ती मळीच झाली की. पाठव माझ्याकडं.

काय_बे

काका रिटायर झालेत म्हणे 😄

मळीमास्तर

भाकरीबरोबर खायला रे.